सरांची गाडी आणि गल्लीचं निदान

आमच्या गल्लीत कुणाकडं काय शिजतंय ते वासावरून कळतं, आणि सरांनी गाडी काढली हेही वासावरूनच कळतं. जळक्या ऑइलचा भपका आला की मी दोरीवरचे कपडे ओढायला धावते. गाडी मारुती ८००, १९९६ चं मॉडेल, एमएच ०९ पासिंग, पांढरी. सायलेन्सरच्या बाजूचा बंपर तेवढा आता पांढरा म्हणवत नाही.

या गाडीचं निदान गल्लीनं कधीच करून टाकलंय. कोपऱ्यावरचे दूधवाले म्हणतात, इंजिन बसलं. समोरचे बँकवाले म्हणतात, भंगारात घाला, नवीन घ्या, कर्जाचं आम्ही बघतो. त्यांच्या चिरंजीवांनी मोबाइलवर बघून सांगितलं, एक बाटली मिळते, ऑइलमध्ये ओतायची, धूर गायब. आणि सर ज्या गॅरेजला गेले होते, तिथल्या मालकानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "फुल इंजिन. उतरवावं लागेल." आकडा ऐकून सर जे निघाले ते थेट भिंतीपाशी आले.

भिंत म्हणजे सरांचं, नानांचं आणि आमचं कुंपण जिथं मिळतं तो कोपरा. छातीएवढी उंच, वर कपबशी ठेवण्याइतकी रुंद. गल्लीतली स्थळं, भाडेकरू, पाण्याच्या पाळ्या, सगळं इथंच ठरतं. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. धूर या विषयात त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही.

"नाना, फुल इंजिन सांगितलंय," सर म्हणाले.

"कुनी? कम्प्रेशन बघितलं त्यानं?"

"नाही."

"प्लग काढले?"

"नाही. धूर बघितला फक्त."

"धूर तर वहिनीबी रोज बघत्यात," नाना माझ्याकडं वळून म्हणाले. "त्यांनी न्हाई सांगितलं फुल इंजिन."

मी म्हटलं, मी फक्त चादरी परत धुते.

नानांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि चौकशी सुरू केली. "सर, गाडी ऑइल किती खाती?"

"टाकतो थोडं थोडं, कमी झालं की."

"थोडं म्हंजे किती? आनि किती किलोमीटरला?"

सर गप्प. आतून ताईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला, "जन्मभर पोरांना निरीक्षण करा, वहीत लिहा म्हणून ओरडले. स्वतःच्या गाडीची वही कुठाय विचारा."

मग नानांनी सरांनाच अभ्यास दिला. गाडी सपाट जागेवर, सकाळी, इंजिन थंड असताना. ऑइलची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत पूर्ण घालायची आणि मग वाचायची. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, तशाच थंड इंजिनाला परत बघायचं. मधल्या काळात टाकलेलं आणि आता खुणेपर्यंत यायला लागलेलं मिळून जे होईल, तेवढं गाडीनं खाल्लं. "आनि वरच्या खुनेच्या वर एक थेंबबी नको. जास्ती झालं की क्रँक त्याला घुसळतंय, फेस होतोय, तेबी धूर हुन बाहीर येतंय. मानसं ऑइल खाती म्हनून जास्ती भरत्यात, आनि जास्ती भरल्यानं ती आनि खाती."

थोडं ऑइल सगळीच इंजिनं खातात. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत, काही त्याहून जास्तही चालवून घेतात. पण या गाडीच्या चेंबरमध्ये ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं लिटरभर गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. सर म्हणाले, "कमी झालं तर दिवा लागेलच की." नानांनी कपाळाला हात लावला. तो लाल दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागेपर्यंत चेंबर जवळजवळ कोरडा झालेला असतो आणि बेअरिंगनी सोसायचं ते सोसलेलं असतं.

सरांचं मोजमाप झालं. हजार किलोमीटरला पाऊण लिटर.

"आता गळतंय का जळतंय ते बघू," नाना म्हणाले. आमच्या रद्दीतले पेपर मी भिंतीवरून दिले, ते रात्री गाडीखाली पसरले. सकाळी दोन ठिपके, शेंगदाण्याएवढे. ते टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरलेले. एवढ्यानं पाऊण लिटर जात नाही. पण नानांनी एक गोष्ट दाखवली. कव्हरच्या कडेनं झिरपलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं की गाडीत बसल्या बसल्या जळका वास येतो. तो धूर बॉनेटच्या फटीतून येतो, सायलेन्सरमधून नाही. निम्म्या लोकांचं 'इंजिन गेलंय' हे एवढंच असतं आणि पॅकिंग बदललं की जातं. सरांच्या गाडीचा धूर मात्र सायलेन्सरमधूनच येत होता, त्यामुळं प्रकरण पुढं चाललं.

रंगाचं सगळ्यांना ठाऊक असतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर तुंबलाय, कार्ब्युरेटर बिघडलाय, नाहीतर चोक ओढलेला राहिलाय. (पलीकडच्या गल्लीतला एक जण चोक ओढलेला ठेवून कागलपर्यंत जाऊन आला आणि आल्यावर पेट्रोलपंपवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसला.) पांढरा धूर थंडीत सगळ्यांनाच येतो, ती वाफ. गाडी तापल्यावरही तो थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडं बघायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल. सरांचा निळाच.

"निळा, म्हणजे रिंगा गेल्या, हो ना?" सरांनी गॅरेजमध्ये ऐकलेलं म्हणून दाखवलं.

"रंगावरनं काय जळतंय ते कळतं, सर. कुठनं येतंय ते न्हाई कळत. मला एक सांगा, धूर कवा येतो?"

खरी गोष्ट इथं होती, आणि गॅरेजमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

ऑइल जळायच्या जागेत शिरायला दोन मोठ्या वाटा असतात. एक खालून, पिस्टनच्या रिंगांपाशी. दुसरी वरून, व्हॉल्वच्या दांडीपाशी. हेडमध्ये वर सगळीकडं ऑइल खेळत असतं आणि व्हॉल्वची दांडी गाइडमधून वरखाली होते. दांडीबरोबर ऑइल खाली उतरू नये म्हणून प्रत्येक गाइडच्या डोक्यावर रबराचं एक टोपण असतं, ते व्हॉल्व सील. वर्षानुवर्षं तापून ते कुकरच्या जुन्या रिंगेसारखं कडक होतं आणि दांडीला धरेनासं होतं. मग रात्री गाडी उभी असताना ऑइल दांडीवरून थेंब थेंब खाली उतरतं, आणि सकाळी किल्ली फिरवली की एक मोठा निळा भपका येऊन जातो. नंतर बराच वेळ काही नाही. दिवसा सिग्नलला गाडी बराच वेळ उभी राहिली आणि मग निघाली, तर पुन्हा एकदा येतो.

"मग तसंच होतं की आमचं!" ताई बाहेर येऊन म्हणाल्या. "सकाळी एकदा, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एकदा."

पण नाना एका साक्षीवर निकाल देणारे नव्हेत. त्यांनी सरांना पन्हाळ्याला नेलं. सर गाडीत, नाना मागं नातवाच्या स्कूटरवर. चढताना गाडी दाबून चढवायची. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून, आणि वाघबीळच्या फाट्याजवळ आलं की एकदम दाबायचा. चढाला सायलेन्सर जवळजवळ स्वच्छ. उताराच्या शेवटी पाय दाबला आणि स्कूटरवरचा नातू खोकत बाजूला झाला.

याचं कारण नानांनी भिंतीवर बोटानं आकृती काढून सांगितलं. उताराला चाकंच इंजिन फिरवतात. पाय काढलेला, म्हणजे कार्ब्युरेटरचं झाकण बंद. फिरणारं इंजिन हवा ओढायला बघतं, हवा मिळत नाही, आणि आत जोराची ओढ तयार होते. ती ओढ कडक झालेल्या सीलमधून ऑइल खेचते. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं. चढाला उलटं. झाकण उघडं, ओढ कमी, पण पिस्टनवर दाब जबरदस्त. रिंगा झिजल्या असतील तर जळता गॅस त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतो, गाडीचा पिकअप जातो आणि धूर लोडवर, सतत येतो. मेकॅनिक लोक त्याला 'बॅक कम्प्रेशन मारतंय' म्हणतात.

"म्हणजे सील," सर खूश झाले.

"थांबा की. घाटाची परीक्षा एकटी पुरत न्हाई. खालची ऑइल रिंग कार्बननं जाम झाली तर तिच्या कडंनंबी उताराला ऑइल वर खेचलं जातंय."

मग रविवारी गाडी भिंतीलगत लावली आणि अर्धी गल्ली जमली. बँकवाले त्यांच्या गेटातून, दूधवाले सायकलवरून, मी माझ्या बाजूनं. इंजिन चालू ठेवून नानांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तळवा वर धरला. धुराचे झटके येत असतील तर रिंगांचं प्रकरण. इथं थोडी कोमट हवा, एवढंच. मग एअर फिल्टरचं खोकं उघडलं. रिंगा गेलेल्या गाडीत ब्रीदरच्या पाइपमधून ऑइल थेट या खोक्यात येऊन पडतं आणि फिल्टर चिंब होतो. इथं फिल्टर धुळकट पण कोरडा. ब्रीदरचा पाइप मात्र आतून काळ्या गाळानं अर्धा बुजलेला होता. तो काढून रॉकेलनं धुतला. चेंबरमधल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती मिळेल त्या पॅकिंगमधून ऑइल ढकलते. फुकटातलं काम आधी करायचं, हा नानांचा नियम.

पुढं तीन प्लग काढून नानांनी ते सिलेंडरच्या क्रमानं भिंतीवर मांडले. पहिला आणि तिसरा करडे-तपकिरी, कोरडे. मधला काळा आणि ओला, बोटाला चिकटणारा. सरांनी तो नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला. काळा पण कोरडा, काजळीसारखा पुसला जाणारा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट म्हणजे त्या सिलेंडरमध्ये ऑइल.

"मग मधली रिंग गेली," बँकवाले गेटातून ओरडले.

नानांनी उत्तरच दिलं नाही. उद्यमनगरातल्या मित्राकडून आणलेला कम्प्रेशनचा गेज त्यांनी पिशवीतून काढला. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, सरांचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला. गेज प्लगच्या भोकात घट्ट बसवायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. तिन्ही आकडे ताईंनी पेन्सिलनं लिहून घेतले. एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत. मग मधल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजलं. ऑइलमुळं रिंगांची फट थोडा वेळ बुजते. आकडा एकदम उसळला तर रिंगा झिजल्या, मुळात कमी असलेला आकडा उसळलाच नाही तर व्हॉल्व नीट बसत नाहीत, आणि शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केट. इथं काटा नावापुरता हलला.

"रिंगा चांगल्या हाईत," नानांनी निकाल दिला. "सकाळचा भपका, सिग्नलचा भपका, घाटाचा भपका, कम्प्रेशन सारखं. सील."

सर म्हणाले, "पण नाना, पीयूसी तर दर वेळी पास होते. मग हा धूर त्या यंत्राला कसा दिसत नाही?" नानांनी तेही सोडवलं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत यंत्र कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतं, तेही गाडी तापलेली आणि जागेवर चालू असताना. सकाळचा भपका त्या वेळी घरी येऊन गेलेला असतो. यंत्राला निळा रंग दिसत नाही, आरटीओच्या इन्स्पेक्टरला दिसतो. २०११ साली गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून सर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेतायत. ग्रीन टॅक्स भरून वर धुरासाठी परत पाठवणी नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

सील बदलायला नाना आणि उद्यमनगरचे मित्र दोघं बसले. हेड उतरवलंच नाही. हेड न काढता स्प्रिंग काढली तर व्हॉल्व आत पडेल, म्हणून प्लगच्या भोकातून हातभर जाड सुती दोरी आत सरकवली, एक टोक बाहेर ठेवलं आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून पिस्टन हातानं वर आणला. दोरी पिस्टन आणि व्हॉल्वच्या मध्ये दाबली गेली, व्हॉल्व जागच्या जागी अडकला. मग आजूबाजूच्या भोकांत फडकी कोंबली, कारण स्प्रिंग दाबल्यावर जी दोन इवलीशी लॉकं सुटतात, त्यातलं एक जरी चेंबरमध्ये पडलं तरी अख्खा दिवस गेला. लॉकं चुंबकानं उचलली. सिलेंडरला दोन प्रमाणं सहा व्हॉल्व, सहा सील. मधल्या सिलेंडरचं जुनं सील नानांनी माझ्या हातात दिलं. करंगळीच्या टोकावर बसेल एवढं. दाबलं तर वाकलं नाही, कडकन मोडलं. नवं सील बोटात दुमडून परत गोल झालं. नानांनी दांडी हलवून गाइडमधला ढिलेपणाही पाहिला. गाइड फार ढिले असतील तर नवं सील फार दिवस टिकत नाही. मग हेड उतरवून लेथवाल्याकडं नवे गाइड बसवावेच लागतात.

आता दुसरी एक गोष्ट ऐका. नाव घेत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर तोंडही आहे. एका घरच्या जावयांनी अशाच धुरासाठी फुल इंजिन करून घेतलं. ब्लॉक बोअर केला, मोठ्या साइझचे पिस्टन घातले. गाडी घरी आली आणि सकाळी तोच भपका. हेडला कुणी हातच लावला नव्हता. सीलचे पैसे शेकड्यांत असतात, फुल इंजिनचे काही हजारांत. जावई महिनाभर सासुरवाडीला चालत आले.

तरी नाना गॅरेजवाल्यांना सरसकट लबाड म्हणत नाहीत. "गिऱ्हाईक म्हनतं, एकदाच खोला आनि ग्यारंटी द्या. मिस्त्री म्हनतो, मग सगळंच करू, परत शिव्या नकोत. तपासायचे पैसे मागितले तर कोन देतंय?" रिंगा खरंच गेलेल्या असतील, तर काम टळत नाही. सिलेंडर फार झिजले नसतील तर होनिंग करून नव्या रिंगा घातल्या की भागतं, त्याला हाफ इंजिन म्हणतात. झिजून लंबगोल झाले असतील तर बोअर. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर मोठे मिळतात. पण मोठा पिस्टन घ्यायचा की नाही, ते सिलेंडर मायक्रोमीटरनं मोजून ठरवायचं, सायलेन्सरकडं बघून नाही.

बाटलीचं आणि जाड ऑइलचं राहिलं. २०डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातलं तर धूर थोडा कमी होतो हे खरं, पण कडक झालेलं सील त्यानं मऊ होत नाही. नाना म्हणतात, असली जाड औषधं सगळ्यात जास्त खपतात ती गाडी विकायच्या आदल्या दिवशी. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर आधी बॉनेटवर हात ठेवा. तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम असेल, तर मालकानं सकाळचा भपका तुमच्या नकळत काढून टाकलेला असू शकतो. चहा घ्या, घरी या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं, पण तिचे सुटे भाग अजून कुठंही मिळतात. त्यामुळं सर गाडी विकणार नाहीत, आणि बँकवाल्यांनी आता तो विषय काढणं सोडलंय. सील बदलल्यापासून गाडी हजार किलोमीटरला पाव लिटरही खात नाही. एवढ्या वयाच्या इंजिनाला तेवढं चालतं. पट्टी दर रविवारी बघायची, हा नियम मात्र ताईंनी सरांना लावून दिलाय, वहीसकट.

तुमची गाडी धूर टाकत असेल तर गॅरेजला रिकाम्या हातानं जाऊ नका. हजार किलोमीटरला किती ऑइल लागतं, गाडीखाली किती गळतं, आणि धूर सकाळी येतो, उताराला येतो की चढाला, एवढं कागदावर लिहून न्या. कम्प्रेशनचे आकडे लिहून मागा, आणि तपासायचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या. आकडे न दाखवता कुणी इंजिन उतरवा म्हणालं, तर किल्ली खिशात घाला आणि घरी या.